गळ्याशी आलेले शब्द : रुमानियन नेकटाय आणि भाषाशुद्धीची थट्टा

भाषाशुद्धीवर मराठीत बोलणं निघालं की दोन शब्द हटकून पुढे येतात. एक म्हणजे रेल्वेच्या सिग्नलसाठी रचलेला तो मालगाडीइतका लांब समास आणि दुसरा नेकटायसाठी ‘कंठलंगोट’. ऐकणारे हसतात आणि हसून झालं की वाद निकालात निघाला असं समजतात. ‘कंठलंगोट’ हा शब्द कोणी, कोणत्या कोशात, किती गांभीर्यानं सुचवला होता, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. थट्टेला संदर्भ द्यावा लागत नाही, हीच तिची ताकद.

गेली काही वर्षं मी रुमानियन भाषेतले पोशाखाचे शब्द जमवतो आहे. भाषाशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. मोल्सवर्थचा कोश चाळण्याचा नाद लागला, त्यातून फारसी शब्दांच्या मागावर निघालो, फारसीकडून तुर्कीकडे आणि तुर्कीच्या बोटाला धरून बाल्कन प्रदेशात पोचलो. तिथे कंठलंगोटाचा सख्खा भाऊ भेटला. त्याचं नाव ‘गितलेगउ’. ‘गित’ म्हणजे गळा, ‘लेगा’ म्हणजे बांधणं आणि शेवटचा ‘अउ’ हा कर्त्याचा प्रत्यय. मराठीत उतरवायचा तर ‘गळाबांध्या’. रुमानियनमध्ये टायला आज सगळे ‘क्रावाता’ म्हणतात आणि तो शब्द सरळ फ्रेंचमधून आलेला आहे. ‘गितलेगउ’ वापरतात तो फक्त एका कामासाठी, शुद्धीवाद्यांची टिंगल करण्यासाठी.

दोन भाषा, एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर, इतिहास वेगळा, धर्म वेगळा; तरी शुद्धीवाद्याला हसायचं ठरल्यावर दोघींनीही हात घातला तो नेकटायलाच. हा निव्वळ योगायोग म्हणून सोडून द्यावा असं मला वाटत नाही. या थट्टेत काय लपलेलं आहे, ते रुमानियन शब्दांच्या आधारानं तपासून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

काफ्तान उतरण्याआधी

टाय गळ्यात येण्याआधी रुमानियन उमराव काय घालत होते, इथून सुरुवात करायला हवी. वलाखिया आणि मोल्दाव्हिया ही दोन संस्थानं शतकानुशतकं ऑटोमन सुलतानाची मांडलिक होती. अठराव्या शतकाच्या आरंभापासून 1821 पर्यंत तिथे इस्तंबूलच्या फनार भागातून आलेले ग्रीक सरदार राज्य करत. दरबारी पोशाख त्यामुळे इस्तंबूलच्या वळणाचा : अंगात लांब ‘अंतेरिउ’, त्यावर ‘जुबेआ’, पायांत ‘शाल्वार’, आणि डोक्यावर ‘इश्लिक’ नावाची केसाळ कातड्याची प्रचंड टोपी. टोपी जितकी मोठी तितका उमराव मोठा.

मराठी वाचकाला या यादीत अनोळखी वाटावं असं फारसं काही नाही. ‘शाल्वार’ म्हणजे आपली सलवार. ‘जुबेआ’ अरबी जुब्ब्याच्या घरातली. रुमानियन शेतकरी कमरेला जो रुंद चामडी पट्टा बांधत त्याला ‘किमिर’ म्हणतात. तो तुर्की ‘केमेर’वरून आणि ‘केमेर’ फारसी ‘कमर’वरून, म्हणजे आपण जिला मराठीत कमर म्हणतो तीच ही कमर. घरात घालायच्या सपातेला ते ‘पापुक’ म्हणतात. मूळ फारसी ‘पापोश’, पाय झाकणारं. पेशवाईतल्या कागदांतले ‘पायपोस’ आणि बुखारेस्टच्या घरातले पापुक हे चुलत भाऊ आहेत. हिंदीतली ‘जुराब’ आणि रुमानियन मोजा ‘चोराप’ हेही एकाच अरबी शब्दाचे वंशज. फारसी-तुर्की दरबाराची सावली जिथे जिथे पडली तिथे तिथे कपाटातली नावं सारखी झाली. मग ते कपाट यास शहरातलं असो की साताऱ्यातलं.

आणखी एक शब्द बघा. सगळ्या रुमानियन कपड्यांत अस्सल लॅटिन नाव मिरवणारा एक कपडा म्हणजे सदरा, ‘कमाशा’. उत्तरकालीन लॅटिनमधल्या ‘कमिसिया’वरून तो आला. तीच कमिसिया अरबांनी ‘कमीस’ म्हणून उचलली, पोर्तुगीजांनी ‘कमीझा’ केली आणि कोकण-गोव्यात सदऱ्याला ‘खमीस’ म्हणणारा माणूस नकळत तोच शब्द अंगात घालतो. तेव्हा ‘शुद्ध लॅटिन’ आणि ‘परका मुसलमानी’ अशी जी वाटणी शुद्धीवादी करतात, ती निदान सदऱ्याच्या बाबतीत तरी फाटते.

नमस्काराचा कोट

1829 साली रशिया आणि तुर्कस्तान यांच्यात एदिर्नेचा तह झाला. त्याच्या आगेमागे काही वर्षं या दोन्ही संस्थानांचा कारभार रशियन सेनाधिकाऱ्यांच्या हाती होता. हे अधिकारी फ्रेंच बोलत आणि पश्चिमी कपडे घालत. त्यांच्या मेजवान्यांत तरुण उमरावांनी काफ्तान उतरवला. बाप इश्लिक घालून बसलेला आणि शेजारी मुलगा तंग कोटात, असं दृश्य त्या पिढीत सर्रास होतं. हे कपडे फ्रेंच असोत, रशियन असोत की व्हिएन्नाचे, सामान्य लोकांनी सगळ्यांना मिळून एकच नाव दिलं : ‘जर्मन कपडे’. आपल्याकडे कोणताही गोरा तो इंग्रज, तसंच.

या स्थित्यंतराच्या खुणा शब्दांत उमटलेल्या आहेत. कोटाचा पहिला शब्द ‘सुर्तुक’. मूळ फ्रेंच, पण आला रशियनमधून. खेड्यातल्या लोकांनी त्यावरून ‘सुर्तुकार’ असा शब्द पाडला : सुर्तुक घालणारा, म्हणजे शहरी, कोरडं अंग असलेला, आपल्यातला नसलेला. आपल्याकडच्या ‘पांढरपेशा’ या शब्दाला अशीच कपड्याची किनार आहे. फरक एवढाच की पांढरपेशा स्वतःलाही पांढरपेशा म्हणवून घेतो, सुर्तुकार कधी म्हणवून घेत नाही.

मग पॅरिसला शिकायला गेलेले तरुण परतले. भेटल्यावर ‘बोंजुर’ म्हणत म्हणून जुन्या मंडळींनी त्यांना ‘बोंजुरिस्त’ असं खिजवण्याचं नाव ठेवलं. 1848 च्या क्रांतीत भाग घेतलेली पिढी हीच. गंमत पुढे आहे. ‘बोंजुर’ हे पुढे एका कपड्याचंही नाव झालं, गुडघ्यापर्यंत येणाऱ्या काळ्या समारंभी कोटाचं. अभिवादनाचा कोट झाला! उद्या आपण एखाद्या जाकिटाला ‘नमस्कार’ म्हणू लागावं, तशातला हा प्रकार. फ्रेंच भाषेत त्या कोटाला कोणी बोंजुर म्हणत नाही. शब्द परका, अर्थ मात्र पूर्णपणे घरचा.

उंच काळ्या टोपीचीही अशीच कथा. ट्रान्सिल्व्हेनियाच्या बाजूला, जिथे व्हिएन्नाचं राज्य होतं, तिला ‘त्सिलिंद्रु’ म्हणत, जर्मनमधून. बुखारेस्टमध्ये ती झाली ‘जोबेन’ आणि हे नाव जोबँ या फ्रेंच आडनावावरून पडलं. ते एका टोपीविक्याचं होतं असं सांगतात. गोल कडक टोपीला ‘गांबेता’ म्हणत. तिचं नाव फ्रेंच राजकारणी गांबेताच्या नावावरून. माणसाच्या नावाचा जिन्नस होणं मराठीलाही नवं नाही, पण इथे ध्यानात घ्यायचं ते हे की, या शब्दांना फ्रेंच म्हणणं अर्धसत्य आहे. ते फ्रेंच कापडाचे, पण शिवण बुखारेस्टची.

आणि काही शब्द तर घरचेच होते, परदेश फिरून परत आले. बिनबाह्यांच्या बंडीला जुनं रुमानियन नाव ‘इलिक’, तुर्की ‘येलेक’वरून. तोच येलेक उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून स्पॅनिशमध्ये गेला, स्पॅनिशमधून फ्रेंचमध्ये ‘झिले’ झाला, फ्रेंचमधून रशियनमध्ये गेला आणि रशियनमधून रुमानियनमध्ये ‘झिलेत्का’ होऊन आला. म्हणजे एकच तुर्की बंडी एकाच घरात दोनदा शिरली, एकदा मागच्या दारानं मागासलेली म्हणून आणि एकदा पुढच्या दारानं सुधारलेली म्हणून. खुद्द ‘क्रावाता’ तरी काय आहे? सतराव्या शतकात फ्रान्सच्या सैन्यात क्रोएशियन स्वार होते. ते गळ्याभोवती रुमाल बांधत. क्रोएशियन लोकांच्या नावावरूनच फ्रेंचांनी त्या रुमालाला ‘क्रावात’ म्हटलं. क्रोएशिया हा तर रुमानियाचा बाल्कन शेजारी! शेजाऱ्याच्या गळ्यातला रुमाल पॅरिसला जाऊन ‘साहेबी’ झाला आणि मग इकडे आला. शब्दाला पासपोर्ट बघून आत घेणाऱ्यांनी हा प्रवास एकदा नकाशावर काढून पाहावा.

शब्दाची हाडं

आता ‘गितलेगउ’कडे वळू. हा शब्द सहसा खपवला जातो तो लॅटिनवाद्यांच्या नावावर. अठराव्या शतकाच्या अखेरीस ट्रान्सिल्व्हेनियातल्या विद्वानांनी रुमानियन ही रोमची लेक आहे हे ठासून मांडलं. परक्या राज्यात दुय्यम प्रजा म्हणून जगणाऱ्या लोकांचा तो स्वाभिमानाचा दावा होता, हे विसरून चालणार नाही. पुढे या विचाराचा अतिरेक झाला. अकादमीसाठी लौरियान आणि मासिम यांनी 1870 च्या दशकात जो कोश रचला त्यात मुख्य खंडांत लॅटिन वळणाचे शब्द आणि स्लाव्ह, तुर्की, हंगेरियन अशा ‘परक्या’ शब्दांसाठी वेगळा शब्दसंग्रह अशी पंगत मांडली होती. रुमानियनमध्ये ‘हो’ म्हणायला ‘दा’ म्हणतात, ‘प्रेम करणं’ला ‘इयुबी’ म्हणतात. दोन्ही शब्द स्लाव्ह. होकार आणि प्रेम पंगतीबाहेर बसवणारा कोश लोकांनी स्वीकारला नाही, यात नवल नाही. त्याची भरपूर थट्टा झाली आणि तो मागे पडला.

पण ‘गितलेगउ’ त्या मंडळींचा असू शकतो का? शब्द फोडून बघा. ‘लेगा’ लॅटिन आहे, कबूल. पण ‘गित’, म्हणजे गळा, हा शब्द स्लाव्ह मूळाचा आहे. आणि ‘अउ’ हा प्रत्यय हंगेरियनमधून आलेला. म्हणजे ज्यांनी स्लाव्ह आणि हंगेरियन शब्द पंगतीबाहेर काढले, त्यांनी टायसाठी स्लाव्ह गळा घेतला, त्याला हंगेरियन शेपूट लावलं आणि मधे लॅटिन गाठ मारली, असं आपण मानायचं! कट्टर लॅटिनवाद्यानं असा शब्द केला नसता. परके शब्द टाळून लोकांच्या बोलीतूनच नवे शब्द पाडू पाहणारी एक वेगळी शाखा होती. बुकोविनातले आरोन पुम्नुल हे तिचे पुरस्कर्ते. त्या धाटणीला हा शब्द जवळचा वाटतो. तरीही ‘अउ’ या प्रत्ययाचा सूर बघता मला तो थट्टेखोराच्या हातचाच वाटतो, कारण या प्रत्ययात रुमानियन कानाला एक गावरान, जरा हिणकस छटा ऐकू येते. खादाडाला, लाळघोट्याला जो प्रत्यय लागतो तोच इथे टायला लावला आहे.

हीच कसोटी ‘कंठलंगोट’ला लावा. ‘कंठ’ तत्सम, ‘लंगोट’ तद्भव. संस्कृतनिष्ठ शब्द घडवणाऱ्याला ‘कंठबंध’, ‘कंठपट’ असे डझनभर सोपे पर्याय हाताशी असताना तो आखाड्यातला लंगोट कशाला उचलेल? शब्द घडवणाऱ्याचा हेतू नाव देण्याचा असतो. इथे हेतू हसवण्याचा आहे. पोटाखालचं वस्त्र गळ्यात घातलं की हशा येतो, हा तमाशातल्या सोंगाड्याचा जुना हिशेब. दोन्ही शब्दांची हाडं एकच गोष्ट सांगतात : हे शुद्धीवाद्यांचे शब्द नव्हेत, शुद्धीवाद्यांच्या विरोधकांनी त्यांच्या तोंडी घातलेले शब्द आहेत.

मी शुद्धीवाद्यांची वकिली करत नाही. सावरकरांनी रत्नागिरीच्या स्थानबद्धतेत भाषाशुद्धीची मोहीम चालवली, तिच्यामागचा उर्दू-फारसीविरोधी आवेश मला मान्य नाही. पण त्यांनी रूढ केलेले ‘दिनांक’, ‘क्रमांक’, ‘महापौर’ हे शब्द आज त्यांचे कडवे विरोधकही रोज वापरतात. कपड्यांच्याच प्रांतातला ‘वेशभूषा’ हा शब्द त्यांच्याच यादीत सांगितला जातो. वाद घालायचा तर या शब्दांशी घालायला हवा. तो अवघड आहे, म्हणून आपण कंठलंगोटाशी घालतो.

शेजारी का हसत नाहीत?

‘गळा’ आणि ‘बांधणं’ जोडून शब्द केला की तो मुळातच हास्यास्पद होतो, असं कोणी म्हणेल. मग ‘नेकटाय’ म्हणजे काय? ‘नेक’ म्हणजे गळा, ‘टाय’ म्हणजे बांधणं. अक्षरशः गितलेगउ! इंग्रज माणूस तो शब्द उच्चारताना हसत नाही, आणि आपणही हसत नाही, कारण इंग्रजीतल्या गळ्यात आपल्याला गळा ऐकूच येत नाही.

रुमानियाचा शेजारी हंगेरी. तिथे टायला ‘न्यॉककेंडो’ म्हणतात : ‘न्यॉक’ म्हणजे गळा, ‘केंडो’ म्हणजे रुमाल. ट्रान्सिल्व्हेनियात रुमानियन आणि हंगेरियन लोक एकाच गल्लीत राहतात. एका घरातला मुलगा लग्नाला जाताना गळरुमाल बांधतो आणि कोणी हसत नाही. शेजारच्या घरात त्याच रचनेचा शब्द म्हणजे विनोद. रशियन ‘गाल्स्तुक’ हा जर्मन-डच गळरुमालावरूनच आला आणि मोल्दोव्हातल्या रुमानियन बोलीत तो आजही कानावर येतो. आइसलँडमध्ये टाय म्हणजे ‘हाउल्सबिंदी’, गळाबंधच. फिनलंडमध्ये ‘सोल्मियो’, गाठ मारणं या क्रियापदावरून.

यावरून एवढं दिसतं की शब्द हास्यास्पद ठरतो तो रचनेमुळे नव्हे. ज्या समाजात पश्चिमी पोशाख हा वरच्या वर्गानं एका परक्या भाषेसकट उचललेला असतो, तिथे त्या पोशाखाचं नाव आपल्या भाषेत उच्चारलं की त्याची जादू उतरते. ‘क्रावाता’ म्हटलं की पॅरिस. ‘गितलेगउ’ म्हटलं की गळ्यात बांधलेलं फडकं. शुद्ध शब्दाला आपण हसतो तेव्हा हसू खरं तर त्या उघड्या पडलेल्या फडक्याचं असतं. ते लपवण्यासाठी आपण बोट शब्दाकडे दाखवतो.

याचा उलटा पुरावाही रुमानियनमध्येच आहे. बो-टायला तिथे ‘पापिओन’ म्हणतात. फ्रेंचमध्ये हा शब्द म्हणजे फुलपाखरू. रुमानियनमध्ये फुलपाखराला ‘फ्लुतुरे’ म्हणतात. त्यामुळे पापिओनमधलं फुलपाखरू सीमा ओलांडतानाच मेलं. ‘स्मोकिंग’ म्हणजे तिथे सिगारेट नव्हे, डिनर जॅकेट. आणि उच्चारात त्याच्या अगदी शेजारी बसलेला ‘स्मोकिन’ म्हणजे अंजिराचं झाड. चौदाव्या लुईच्या प्रेमपात्र लुईझ द ला व्हालिएरच्या नावावरून पडलेला ‘लावालिएरा’ हा सैल गाठीचा टाय आज टीव्हीच्या स्टुडिओत कॉलरला लावायच्या छोट्या माइकचं नाव आहे. उसन्या शब्दातली प्रतिमा पोचत नाही. फक्त प्रतिष्ठा पोचते. हा सौदा फायद्याचा की तोट्याचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मात्र तो सौदा आहे, हे ध्यानात ठेवावं.

उशीवर सापडलेली ‘लेगतुरा’

शुद्धीवादी आणि त्यांचे टीकाकार यांच्या या भांडणात एक तिसरा शब्द दोघांच्याही पायाखाली आला. त्याचा पत्ता मला कोशांपेक्षा नाटकात चांगला लागला.

इओन लुका काराज्याले हा रुमानियन भाषेतला सर्वांत मोठा नाटककार. ‘एक वादळी रात्र’ हे त्याचं प्रहसन 1879 साली रंगभूमीवर आलं. बुखारेस्टच्या एका उपनगरात लाकडाची वखार चालवणारा दुमित्राके हा त्यातला घरधनी. त्याला आपल्या घराण्याच्या अब्रूची भयंकर काळजी. रिका व्हेंतुरियानो नावाचा चष्मा लावणारा, उंच टोपी घालणारा, वर्तमानपत्रात लिहिणारा तरुण आपल्या घराभोवती घिरट्या घालतो, याचा त्याला संताप. टोपीला तो ‘जोबेन’ म्हणत नाही. त्याच्या तोंडी ‘जुबेन’ असा मोडका उच्चार येतो. या एका स्वरात काराज्यालेनं दोन वर्गांमधलं अंतर मोजून दाखवलं आहे. प्रत्यक्षात अब्रूचा खरा चोर घरातच असतो. दुमित्राकेचा विश्वासू कारभारी किरियाक आणि त्याची बायको व्हेता यांचं प्रकरण त्याच्या नाकाखाली चाललेलं आहे. नाटकाच्या शेवटी, सगळे गैरसमज मिटले असं वाटत असताना, दुमित्राकेला बायकोच्या बिछान्यावर एक नेकटाय सापडतो. तो हादरतो. किरियाक शांतपणे सांगतो की तो आपलाच आहे. आणि दुमित्राके सुटकेचा श्वास टाकतो! टाय परक्याचा नाही, आपल्या किरियाकचाच आहे, मग काय बिघडलं?

टायवर इतकं घातकी काम लादणारा दुसरा नाटककार मला माहीत नाही. पण माझं लक्ष आहे ते शब्दावर. दुमित्राके आणि किरियाक त्या वस्तूला ‘क्रावाता’ म्हणत नाहीत, ‘गितलेगउ’ तर नाहीच नाही. ते म्हणतात ‘लेगतुरा’. बांधणी, गाठ, बंध. ‘लेगा’ याच क्रियापदावरून आलेला, कोणीही न घडवलेला, वखारीत आणि बाजारात रुळलेला शब्द. ‘गळ्याची लेगतुरा’ असंही म्हणत. आणि लेगतुराचा दुसरा अर्थ आहे संबंध. दोन माणसांमधला, चांगला किंवा चोरटा. बायकोच्या उशाशी किरियाकची ‘लेगतुरा’ सापडते आणि नवऱ्याला त्यात फक्त टाय दिसतो. सगळ्या प्रेक्षागृहाला दुसरा अर्थ दिसतो, एकट्या दुमित्राकेला दिसत नाही. हा विनोद ‘क्रावाता’ या शब्दात होऊच शकला नसता. फ्रेंच शब्दाला रुमानियन घरात नाती नव्हती, लेगतुराला होती.

म्हणजे लॅटिनवाद्यांना हवा होता तसा लॅटिन रक्ताचा, लोकवाद्यांना हवा होता तसा लोकांच्या तोंडचा, आणि कवीला हवा तसा दुहेरी अर्थाचा शब्द 1879 साली बुखारेस्टच्या उपनगरात जिवंत होता. विद्वान त्याच्याकडे न बघता एकमेकांशी भांडत राहिले. पुढे क्रावातानं त्याची जागा घेतली. मराठीत गळ्याभोवतीच्या कापडाला ‘गळपट्टा’ होताच. तो मफलरला चालला, कुत्र्याच्या गळ्यात गेला, पण टायसाठी त्याला कोणी विचारलं नाही. वादाच्या एका टोकाला ‘टाय’ आणि दुसऱ्या टोकाला ‘कंठलंगोट’ ठेवलं की मधला गळपट्टा दिसत नाही. थट्टेचं हे सर्वांत मोठं नुकसान आहे. ती चुकीच्या पर्यायाला मारते असं नाही. ती बरोबरच्या पर्यायाकडे बघू देत नाही.

रूप आधी की आशय?

या शब्दांमागे एक मोठा वाद उभा आहे. 1868 साली तितु मायोरेस्कु या समीक्षकानं रुमानियन संस्कृतीवर आरोप केला की ती आशयाविना रूपं उचलते आहे. संसद आहे पण राजकीय जाण नाही, अकादमी आहे पण विद्या नाही. मायोरेस्कु लॅटिनवाद्यांचाही टीकाकार होता, तेव्हा त्याला शुद्धीवादी म्हणता येणार नाही. टाय हा त्याच्या सिद्धांताचा आदर्श नमुना ठरावा. टाय ऊब देत नाही, अंग झाकत नाही, काही धरून ठेवत नाही. निव्वळ रूप, आशय शून्य.

त्याला सविस्तर उत्तर दिलं ते एउजेन लोव्हिनेस्कु यानं, 1920 च्या दशकात आधुनिक रुमानियन संस्कृतीचा इतिहास लिहिताना. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : मागून आलेल्या समाजात रूप आधी येतं आणि तेच हळूहळू आशय घडवतं. अनुकरण ही लाजेची गोष्ट नाही. ती सुरुवात आहे.

मला यात लोव्हिनेस्कुचं पारडं जड वाटतं, पण त्याच्या उत्तरातही एक उणीव आहे. रूप आशय घडवतं हे खरं. पण कोणता आशय, हे रूप ठरवत नाही. पुरावा पुन्हा क्रावाताच देते. 1949 साली कम्युनिस्ट राजवटीनं मुलांची पायोनियर संघटना काढली. तिच्या सदस्यांनी गळ्यात बांधायच्या लाल रुमालाला नाव दिलं ‘क्रावाता’! बोंजुरिस्तांचा, वकील-बँकर्सचा शब्द राजवटीनं शाळकरी पोरांच्या गळ्यात बांधला. 1989 च्या डिसेंबरात ती राजवट कोसळेपर्यंत रुमानियन मुलाच्या आयुष्यातली पहिली क्रावाता म्हणजे हीच लाल क्रावाता. शब्द तोच, गळा वेगळा, आणि गाठ मारणारा हात तर फारच वेगळा.

हसणारा कोण?

हा प्रश्न मला मराठीकडे परत आणतो. महाराष्ट्रात टाय बांधलेला सर्वांत परिचित माणूस कोण, असं विचारलं तर उत्तर एकच आहे. गावोगावच्या चौकांतल्या पुतळ्यांत, भिंतीवरच्या तसबिरींत डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोट-टायमध्ये उभे आहेत. ज्या समाजाला काय नेसावं, कुठवर नेसावं, कोणता धातू अंगावर घालावा हे इतरांनी ठरवून दिलेलं होतं, त्या समाजातून आलेल्या माणसाच्या गळ्यातली ती गाठ आहे. 1927 साली महाडला त्यांनी जमलेल्या स्त्रियांना अस्पृश्यतेची खूण सांगणारी नेसण आणि दागिने टाकून द्यायला सांगितलं. पोशाख हे त्यांच्या दृष्टीनं रूप नव्हतं, आशय होता. तिथे मायोरेस्कुचा सिद्धांत थांबतो. त्या टायला उसनवारी म्हणणाऱ्यानं आधी हे सांगावं की घरच्या कापडात त्यांच्या वाट्याला काय ठेवलं होतं.

आता ‘कंठलंगोट’ हा शब्द पुन्हा कानावर घ्या. लंगोटीपलीकडे वस्त्र मिळू न दिलेल्या माणसांची मुलं शिकून टाय बांधू लागली, आणि आपल्या भाषेतला सर्वांत लोकप्रिय विनोद त्याच टायला लंगोट म्हणतो. विनोद सांगणाऱ्याच्या मनात हे नसतं, हे मला मान्य आहे. पण शब्दाला सांगणाऱ्याच्या मनाची परवानगी लागत नाही. दुमित्राकेला लेगतुरात फक्त टाय दिसला म्हणून दुसरा अर्थ नाहीसा झाला नाही.

म्हणून शुद्ध की उसना या प्रश्नापेक्षा वेगळा प्रश्न शब्दाला विचारावा असं मी सुचवतो. हा शब्द बोलताना कोणाची मान ताठ होते आणि कोणाची खाली जाते? या कसोटीवर ‘लेगतुरा’ उत्तम शब्द ठरतो, कारण तो वखारवाल्याचा होता आणि त्यात जगण्याची गुंतागुंत मावत होती. ‘क्रावाता’ शंभर वर्षांत तीन वेगळ्या गळ्यांत राहून रुमानियन झाला. त्याला आता परका म्हणणं हास्यास्पद. आपला ‘टाय’ही मराठीच आहे. आपण तो बांधतो, सैल करतो, त्याला ‘तो’ म्हणतो आणि त्याची गाठ शेजारच्या काकांकडून मारून घेतो. भाषेत घर करायला याहून जास्त काही लागत नाही. उरले ‘गितलेगउ’ आणि ‘कंठलंगोट’. हे दोन शब्द कोणत्याही गळ्यात कधी बांधले गेले नाहीत. ते बांधण्यासाठी नव्हतेच. दुसऱ्याचा आवळण्यासाठी होते.